पूल निजवणारे काका

"पूल निजला, बाप्पा. आता गुमान मांगं व्हा," असं म्हणत काका दोन्ही हात पसरून रस्त्यात उभे राहायचे.

आमच्या शहराचे नदीने दोन तुकडे केलेत. मधला दगडी पूल इंग्रजांच्या वेळचा, बुटका. असे पूल तुम्हीही पाहिले असतील. त्याच्या कठड्याचे लोखंडी पाइप काढता-घालता येत. पुरात ते तसेच राहिले तर वाहून आलेली झाडं त्यांत अडकतात आणि पूलच ओढून नेतात. म्हणून पाणी चढू लागलं की काका पाइप उपसून काठावर निजवायचे. मग कडा दिसायची नाही, आणि पुलावर कोणाला जाऊ द्यायचं नाही हेही त्यांचंच काम. बांधकाम खात्यात साधे मजूर, पण तोरा कलेक्टरचा.

एकदा त्यांनी मोठ्या साहेबांची गाडी अडवली. "मला ओळखलं नाही?" साहेब गुरकावले.

"म्या वळखलं जी. पान्यानं नाही वळखलं."

एकदा वऱ्हाड अडकलं, तर नवरदेवाला चहा पाजून बँडवाल्यांना तिथेच वाजवायला लावलं.

मी तेव्हा धाड गावाच्या प्रवासी जीपवर ड्रायव्हर होतो. पावसाळ्यातल्या एका दुपारी काकूंच्या छातीत कळ आली. दवाखाना पलीकडे. शेजारणीला सोबत घेऊन मी जीप काढली. पुलाशी आलो तर पाइप निघालेले, आणि काका रस्त्यात आडवे उभे.

"काका, काकू हाय आत. घोटाभर तं पानी हाय, जाऊ द्या ना!"

त्यांनी वाकून आत पाहिलं. काकूंनीही त्यांच्याकडे पाहिलं. मग ते परत रस्त्यात जाऊन उभे राहिले.

"मांगं घे," एवढंच म्हणाले.

काकू जीपमध्येच गेल्या. संध्याकाळी पाणी उतरलं. काकांनी एकेक पाइप परत बसवला आणि मगच घरी आले. मला राग यायला हवा होता, आला नाही. रडूही आलं नाही. मी जीप धुतली.

पुढे वरच्या अंगाला उंच पूल झाला, काकाही निवृत्त झाले. टपरीवर भेटले की विचारायचे, "त्या दिवशी जीप निंगाली असती का बे?"

"नसती निंगाली, काका."

"हाव," म्हणायचे आणि चहा प्यायचे. मी खरं बोलत होतो की खोटं, मला आजही ठाऊक नाही.

मागच्या पावसाळ्यात काका दवाखान्यात होते. मी उत्तर तयार ठेवून उशाशी बसलो होतो. त्यांनी विचारलंच नाही.

ते गेल्यावर त्यांना घरी आणलं ते माझ्याच गाडीतून, उंच पुलावरून. खाली नदी दुथडी वाहत होती. अलीकडे यायला मिनिटही लागलं नाही.