फोर्कलिफ्टला घातलेला हार

मुलांनो, तुमच्याकडे परदेशात यंत्राला हार घालत नाहीत, म्हणून ही हकिगत तुम्हाला विचित्र वाटेल. निवृत्तीनंतर मी महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका गोदामात इंग्रजी पत्रव्यवहार सांभाळत होते. दसऱ्याला तिथल्या फोर्कलिफ्टची, म्हणजे माल उचलून रचणाऱ्या गाडीची, पूजा होई. शेठ स्वतः झेंडूचा जाड हार तिच्या पुढच्या उभ्या खांबांवर आडवा बांधत, चालकाच्या अगदी डोळ्यांसमोर. तो वाळून आपोआप गळेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद असे.

चालक दासगावचा मुसलमान, आखातात बरीच वर्षं हेच यंत्र चालवून परतलेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "शेठ, समोरचं कायच दिसत नाय. कुणाला तरी सांगून हार जरा वर घ्या."

स्वतः हात लावला तर काय होईल, हे त्याला ठाऊक होतं.

शेठ हसले. "आमची फुलंच खुपतात होय रे तुला?"

सगळे हसले. सर्वांत मोठ्याने हसला तो पोलादपूरच्या वरच्या वाडीतला हमाल. "चाचा, म्हातारा झालास, चष्मा घे!"

हे धोक्याचं आहे, असं मी शेठना सांगितलं. "बाई, तुम्ही तुमची पत्रं बघा," ते म्हणाले.

चालक बाजूने मान काढून, हॉर्न वाजवत, अगदी सावकाश गाडी चालवत राहिला. "पुढ्यात येऊ नको रे, बाजूनं चल," असं हमालाला बजावत होता. दुपारी हमाल पडलेली फळी उचलायला पुढ्यात वाकला आणि चाक त्याच्या पावलावर चढलं. तो किंचाळला तेव्हाच चालकाला कळलं.

दवाखान्यात न्यायला जीप उभी होती. पण शेठनी आधी हार कापायला लावला, फुलं झाडून घेतली, आणि मग हमालाला उचलू दिलं.

अर्धं पाऊल गेलं. चौकशीला सरकारी साहेब आले तेव्हा शेठनी सांगितलं, की अपघाताच्या वेळी चालक फोनवर बोलत होता. मी हाराचं सांगितलं. साहेबांनी हमालालाच विचारलं.

"फोनच होता साहेब, कानाला," तो म्हणाला. शेठनी त्याला फाटकावर बसायची नोकरी कबूल केली होती. तसल्या पायाने दुसरी मिळणार नव्हती.

चालकाला काढलं. गाडी चालवताना फोनवर बोलतो म्हटल्यावर वसाहतीत त्याला कुणी उभं करेना. एका सकाळी मी कामावर पोचले तेव्हा तो फाटकाशी होता, हमाल खुर्चीत.

"शेठला भेटायचं नाय मला. तुलाच विचारतो. हारामुळं दिसत नव्हतं, तुला म्हायत होतं ना?"

"होतं."

"मग असं का बोललास रे?"

"पाय तुझ्या चाकाखाली गेला, चाचा. हाराखाली नाय."

मला आत घेऊन त्याने फाटकाला कडी लावली.