गव्यासमोरचा पदर

नागझिऱ्याच्या जंगलात उघड्या जिप्सीतून फिरताना माझ्या दोन्ही पोरांनी सकाळपासून एकच धोशा लावला होता, वाघ कुठाय? हरणं झाली, मोर झाला, पण यांना कशाचंच काही नाही. मी पार वैतागलो होतो.

एका वळणावर चालकाने गाडी थांबवली. समोर अख्खा रस्ता अडवून रानगवा उभा होता. काळाभोर, भारदस्त, आणि गुडघ्यापर्यंत पांढरेशुभ्र पाय. ऊन त्याच्या पाठीवरून घसरत होतं.

शेजारी बसलेल्या माझ्या आईने, गावाकडे गोरेगावच्या घरी जेठांसमोर, म्हणजे मोठ्या दिरांसमोर, घेते तसा, डोक्यावरून पदर घेतला.

पुढून बाबा हसले, "काऊन वं, तो का तुया जेठ होय?"

"त्याइच्या घरातून जाऊन राहिलो ना आपन," नजर न हलवता आई म्हणाली.

गवा सावकाश बांबूत शिरला. तो पुरता दिसेनासा झाला, तेव्हाच तिने पदर खाली घेतला.

दुपारी गेटवर आत जाणाऱ्या एका गाडीतल्या माणसाने नेहमीचा प्रश्न विचारला, "दिसला का?"

मी तोंड उघडायच्या आत धाकटा म्हणाला, "हो, घरीच होते."