मामांशी कुणी भांडेना

माझ्या बायकोचे मामा आयुष्यात ज्याच्याशी भांडले नाहीत असा माणूस मुलुंड पूर्वेला सापडणं कठीण आहे. पश्चिमेला दोन-चार निघतील, पण ते अलीकडेच राहायला आलेले असणार. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. मामांच्या भांडणात राग फारसा नसे. सकाळी कुणी प्राणायाम करतं, कुणी बागेत फेऱ्या मारतं, तसे मामा खाली उतरून भांडत आणि ताजेतवाने होऊन वर येत. माणूस मूळचा मालवणकडचा, वडील गिरणीत, स्वतः एका औषधांच्या कारखान्यात यंत्रांच्या देखभालीवर नोकरी केलेली. एरवीचं बोलणं मुंबईचं, पण भांडण रंगात आलं की आतली मालवणी बाहेर पडायची. 'तू माका शिकवू नको' हे वाक्य जिन्यातून ऐकू आलं की समजावं, मामा आता खऱ्या अर्थाने सुखात आहेत. रिक्षावाला मुकाट्याने मीटर टाकून निघाला तर ते हिरमुसत. असाच एक जण सुटे पैसेसुद्धा बिनबोभाट परत देऊ लागला, तेव्हा मामांनी त्याला पश्चिमेच्या पाच रस्ता चौकातून वळसा घालून का आणलंस म्हणून धरलं. तोही कसलेला निघाला. वीस मिनिटं दोघं गेटसमोर एकमेकांना मुलुंडचा भूगोल शिकवत होते. शेवटी मामा त्याला घेऊनच वर आले आणि मामींना म्हणाले, "याला पोहे दे. चांगला भांडतो."

मामांच्या तोडीस तोड भांडणारं माणूस घरातच होतं, ते म्हणजे मामी. पंखा किती वेगाने फिरावा या विषयावर त्या दोघांचं लग्नाच्या पहिल्या उन्हाळ्यात सुरू झालेलं भांडण शेवटपर्यंत मिटलं नव्हतं. मामी आवाज चढवत नसत. भाकरी थापता थापता असं एखादं वाक्य टाकत की मामांना उत्तर शोधायला बाल्कनीत जावं लागे. त्या गेल्या तेव्हा शोकसभेत एका शेजाऱ्याने उठून सांगितलं की वहिनींना गाण्याची फार आवड होती. मामा जागेवरूनच म्हणाले, "खोटं आहे. तिला गाणं अजिबात आवडत नसे. तिला मी गप्प बसलेलो आवडायचो." आणि मग खरोखरच बराच वेळ गप्प बसले.

त्यानंतर एक विचित्र गोष्ट झाली. मुलुंडने मामांशी भांडणं सोडून दिलं. भाजीवाली ते म्हणतील ती जुडी बदलून देऊ लागली, बँकेतला माणूस 'काका, तुमचं बरोबर आहे' म्हणू लागला, वॉचमन तर त्यांना पाहताच चूक कबूल करायचा, मग चूक कुणाचीही असो. मूलबाळ नाही, घरी एकटाच आहे, जाऊ दे, असा सगळा मामला. एकदा संध्याकाळी ते त्याच सोसायटीतल्या आमच्या घरी आले आणि चहाला हातही न लावता मला म्हणाले, "जावईबापू, लोक माझं ऐकायला लागले रे. इतका अपमान माझा कारखान्यातसुद्धा कुणी केला नव्हता."

जरा बाहेर पडावं म्हणून बायकोने त्यांना ज्येष्ठ नागरिकांच्या थायलंड सहलीला पाठवलं. तिथे उत्तरेकडच्या चियांग माय शहरात, डोंगरावरच्या देवळाला पायऱ्या किती यावरून त्यांचं गाइडशी वाजलं. गाइडने कितीतरी वर्षं भारतीय प्रवासी हाताळलेले, त्यामुळे तो तयारीचा होता. देवळापासून हॉटेलपर्यंत दोघं हिंदी-इंग्रजीत भांडत आले, आणि बाकीचे ज्येष्ठ नागरिक कान झाकून बसले. या एका माणसावरून मामांनी अख्ख्या देशाबद्दल मत बनवलं. परत आल्यावर त्यांनी जाहीर केलं की थाई माणूस स्पष्टवक्ता आणि बाणेदार असतो, तेव्हा आपण उरलेलं आयुष्य चियांग मायला काढणार. निवृत्त परदेशी लोकांना तिथे राहू देतात, याची चौकशीही करून झाली होती. बायकोने रडून पाहिलं, अबोला धरून पाहिला. "मामा, तुला तिथे कोण आहे?" तिने विचारलं. मामा म्हणाले, "इथे कोण आहे?" ती आणि मी दोघंही समोर बसलो होतो, पण त्यांना काय म्हणायचंय ते कळलं. मग आम्ही त्यांची बॅग भरायला लागलो.

तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात मामांच्या लक्षात आलं की आपली घोर फसवणूक झाली आहे. त्या गावात कुणी भांडतच नाही. जुन्या शहराच्या खंदकाजवळच्या एका गल्लीत त्यांनी खोली घेतली होती. घरमालकीण खाली शेवयांचं छोटं दुकान चालवायची. तिला सगळे 'पा नोई' म्हणत. पा म्हणजे तिकडे मावशी. वयाने ती मामांपेक्षा लहानच, पण गल्ली म्हणते म्हणून तेही पा म्हणू लागले. नळाला पाणी कमी येतं अशी तक्रार केली तर पा नोई हसायची. खिडकी लागत नाही म्हटलं तरी हसायची आणि वर 'माय पेन राय' म्हणायची. म्हणजे काही नाही, चालायचंच. या तीन शब्दांनी मामांचा जीव खाल्ला. "चालायचंच म्हणजे काय?" ते मला फोनवर विचारत. "खिडकी लागत नाही हा मुद्दा आहे. मुद्द्याला मुद्द्याने उत्तर द्यायला नको?" तिकडचं घड्याळ आपल्यापुढे असल्याने त्यांचा नाश्ता होई तेव्हा मी दात घासत असे. तोंडात ब्रश असलेला माणूस उलट बोलू शकत नाही, हे ध्यानात आल्यावर त्यांनी वेळ बदलून माझ्या चहाची धरली. तिकडे साठलेलं भांडण रोज सकाळी माझ्याशी काढायचं, असा तो क्रम होता.

घरात मामा चौकटीची लुंगी नेसत. गल्लीतली माणसं त्यांना पाहून 'लुंग, लुंग' म्हणायची. मामांनी ओळखलं की यांचा लुंगीला आक्षेप आहे. मोठ्या उमेदीने ते भांडायला उतरले, तर लोक हसून त्यांना खुर्ची देऊ लागले. दुसऱ्या दिवशी पँट घालून गेले, तरी लुंगच. लुंग म्हणजे काका, हे महिन्याभराने समजलं तेव्हा ते फार उदास झाले. भांडायचं तर भाषा हवी म्हणून शिकवणी लावली. तिथे कळलं की 'क्लाय' म्हणजे जवळ आणि 'क्लाय' म्हणजेच लांब, फक्त सूर बदलायचा. मामांचे सगळे सूर वरच्या पट्टीतले. बाजार लांब आहे असं ठासून सांगायला गेले, की ऐकणाऱ्याला तो जवळ असल्याचं कळे, आणि तो मान डोलावून सहमत होई.

शेवटची आशा सरकारी कचेरीची होती. परदेशी माणसाने दर तीन महिन्यांनी तिथे जाऊन आपला पत्ता कळवायचा असतो. मामा आदल्या दिवशीच प्रत्येक कागदाच्या चार-चार प्रती काढून, पाण्याची बाटली नि चकल्या घेऊन, दिवसभराच्या लढाईच्या तयारीने निघत. खिडकीतली मुलगी कागद बघे, शिक्का मारे, दोन्ही हात जोडून नमस्कार करी. "पाच मिनिटांत काम झालं," मामा मला सांगत, आणि आवाज असा की कुणी दगावलं असावं. "एक प्रतसुद्धा मागितली नाही रे. अशाने माणूस म्हातारा होतो."

त्यातल्या त्यात बरं चाललं ते जेवणाचं. पा नोईच्या दुकानात 'खाऊ सोय' नावाचा नारळाच्या रश्शातल्या शेवयांचा प्रकार मिळे. नावाचं भाषांतर करायची गरज नाही, असं मामांचं म्हणणं. फक्त ती रश्शात साखर घाली. मामांनी मुलुंडहून मागवलेली आमसुलं घालून तिच्याच चुलीवर माशाचं सार केलं आणि तिला चाखायला दिलं. तिने चाखलं, हसली, आणि मामांची पाठ वळताच त्यात चमचाभर साखर टाकली. मामांनी ते पाहिलं. "जावईबापू, हिच्यात काहीतरी आहे," त्या दिवशी फोनवर ते म्हणाले. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज मोकळा वाटला.

फेब्रुवारी सरता सरता तिकडे धुराचे दिवस येतात. आसपासची शेतं जाळतात, डोंगरातला पाचोळा पेटतो, आणि सगळ्या शहरावर पिवळट धूर बसून राहतो. लोक दारं लावून घेतात. मामा मात्र मास्क हनुवटीखाली लावून फिरायला जात राहिले. मुलुंडच्या कारखान्यांचा धूर प्यायलेल्या माणसाला हा धूर काय करणार, हा त्यांचा मुद्दा. मग एका सकाळी त्यांना जिना चढवेना. अर्ध्या जिन्यात कठड्याला धरून बसले, ओठ निळसर झालेले. पा नोईने दवाखान्याची खूण केली. मामांनी हात हलवून तिचेच शब्द तिला ऐकवले, "माय पेन राय."

आणि ती ओरडली. हातातला डाव तिने कठड्यावर असा आपटला की अख्खी गल्ली बाहेर आली. ज्या बाईचा आवाज कधी शेजारी गेला नव्हता, ती तिथल्या बोलीत, एका दमात, न थांबता मामांना बोलत सुटली. मग एका भाजीवाल्याचा टेम्पो थांबवून तिने मामांना त्यात बसवलं आणि हॉस्पिटलात नेलं. दुपारी मामांच्या नंबरावरून मला व्हिडिओ कॉल आला. पडद्यावर ती अनोळखी बाई होती. तिने फोन फिरवला. पलंगावर मामा होते, नाकात ऑक्सिजनची नळी. "भांडली," ते धापा टाकत म्हणाले. "आज भांडली बघ."

दुसऱ्या दिवशी मी निघालो. बायकोने विमानतळावर शंभरदा बजावलं, "त्याला घेऊनच ये." मी पोचलो तेव्हा पा नोई मामांना पेज भरवत होती. मामांनी मला पाहिलं, पण अगोदर तिच्याकडे वळून म्हणाले, "ह्येत मीठ खंय आसा?" तिने थाईत काहीतरी फटकारलं. मामा म्हणाले, "माका शिकवू नको. मालवणात जन्मलंय मी, पेज माका म्हायत आसा." तिने त्याहून मोठं उत्तर दिलं. दोघांनाही एकमेकांचं अक्षर कळत नव्हतं आणि एकही मुद्दा निसटत नव्हता. बाजूची नर्स हसू दाबत होती. तिला थोडं इंग्रजी येई म्हणून मी विचारलं, काय म्हणते आहे ही?

नर्स म्हणाली, "डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलंय, असं म्हणते. आणि म्हणते, तिचा नवराही असाच होता. धुराच्या दिवसांत त्याला दम लागला. तो माय पेन राय म्हणाला, तीही माय पेन राय म्हणाली. संध्याकाळी तो गेला. आता दम लागलेल्या कुणालाही ती हे म्हणू देणार नाही."

"काय सांगते रे ती?" मामांनी विचारलं. मी सांगितलं. मामांनी पा नोईकडे पाहिलं, मग वाटीकडे. मग वाटी तिच्या हातातून घेऊन ती बिनमिठाची पेज शेवटच्या घोटापर्यंत प्यायले. मी त्यांना एखादी गोष्ट विनातक्रार गिळताना प्रथमच पाहिलं.

आठवड्याने त्यांना घरी सोडलं. माझ्या निघण्याच्या आदल्या दिवशी दुकानाबाहेर बसून मी विषय काढला. "मामा, चला आता. तिकडे सगळे आहेत."

"आहेत रे. सगळे चांगले आहेत," ते म्हणाले. "तिकडे सगळे मला सांभाळून घेतात." आतून पा नोईने ओरडून काहीतरी सुनावलं. मामांनी निमूटपणे हनुवटीवरचा मास्क नाकावर चढवला आणि मास्कच्या आतून पुटपुटत राहिले. परत येऊन बायकोला म्हटलं, दिवाळीला येतील. ती 'बरं' म्हणाली. फोनवर मागून येणारा पा नोईचा आवाज तिनेही ऐकला होता.

मामांचा फोन आता रोज येत नाही. आठवड्यातून एकदा येतो, तोही घाईत. पाठीमागे पातेल्यांचा आणि पा नोईचा आवाज असतो, आणि बोलणं अर्धवट टाकून ते तिला उत्तर द्यायला जातात. मी फोन कानाला धरून ऐकत राहतो. आमच्या सोसायटीची वार्षिक सभा परवा झाली. मामा होते तेव्हा ती जेवणवेळ टळून जाईपर्यंत चालायची, आता तासाभरात आटपते. सेक्रेटरी ठराव वाचतात आणि विचारतात, "कुणाला काही म्हणायचंय?" मग सगळे थोडे थांबतात, खिडकीजवळच्या मामांच्या खुर्चीकडे बघतात, आणि ठराव मंजूर होतो. परवा गच्चीच्या किल्लीचा ठराव होता. अगदी साधा, योग्य ठराव. सेक्रेटरींनी विचारलं, आणि माझा हात वर गेला. काय म्हणायचं ते मी ठरवलं नव्हतं. पण पुढच्या रांगेतले दोघं-तिघं वळून बसले, कुणीतरी पंखा कमी केला, आणि सेक्रेटरींनी चष्मा काढून, बऱ्याच दिवसांनी बरं वाटल्यासारखं, म्हटलं, "बोला."