टॉपरांच्या फ्लेक्सवरचं संगीत

आमच्या चौघांच्या प्रॅक्टिसला संगीत कमी आणि किस्से जास्त होतात. आठवड्यातून एकदा भेटतो, तेवढ्यात काहीतरी घडतंच. दुसरं कुणी सांगत नाही म्हणून मीच सांगत सुटते, आणि माझं सांगणंही माझ्यासारखंच, एका जागी बसत नाही.

आधी आम्ही करतो काय ते सांगते. नांदेडचे मिलिंद सर शाळेत चित्रकला शिकवतात. ते एखादा फोटो किंवा चित्र समोर लावतात आणि त्यावरून चौघांसाठी संगीत लिहितात. गाणं नाही, शब्द नाहीत. सर तबल्यावर, रफिकभाई क्लॅरिनेटवर, पूजा व्हायोलिनवर आणि मी चेलोवर. चेलो म्हणजे व्हायोलिनचा दांडगा थोरला भाऊ. हे सगळं लातुरातल्या एका हॉलच्या मॅनेजरला समजावताना माझी दमछाक झाली. त्याने विचारलं, सिनेमाचं आहे का? नाही. भक्तीचं? नाही. लग्नाचं? तेही नाही. बिचाऱ्याने बुकिंगची वही मिटली. "मग मॅडम, लोकं येऊन करतेत काय?"

*

चेलो घेऊन एसटीत चढणं हा एक वेगळाच प्रकार आहे. एकदा निलंग्याहून लातूरला येत होते. चेलोला खिडकीशी बसवलं होतं, पडू नये म्हणून त्याच्या खांद्यावर हात टाकला होता. टण टण डबल बेल देऊन गाडी सोडली आणि कंडक्टर आले, त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि चेहऱ्यावरची रेष न हलवता विचारलं, "ह्याचं वय किती हाय, मॅडम?"

अख्खी बस हसली! मी आधी चिडले, मग मलाही हसू आवरेना. बोलता बोलता कळलं की हे सूर्यवंशी, आमच्या पूजाचे वडील. मी लातूरला एका कोचिंग क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते आणि पूजा माझीच विद्यार्थिनी. डॉक्टर व्हायला आली होती, व्हायोलिन घेऊन बसली.

*

रफिकभाईंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लग्नाचा बँड. सरांनी हदगावच्या बाजाराचा एक फोटो काढला होता. बाजार उठून गेलेला, मोकळं मैदान, मधोमध एक झोपलेलं कुत्रं. त्यावरच्या संगीतात लांब लांब शांतता लिहिलेली. आणि प्रत्येक शांततेत रफिकभाई एक फुंकर मारणार म्हणजे मारणारच. सर पुन्हा पुन्हा थांबवायला लागले तेव्हा रफिकभाई काकुळतीला आले. "सर, खरं सांगू का? वरातीत येवढा वेळ बंद ठेवलं तर पोरं अंगावर येतेत."

सरांनी पेन काढलं आणि रफिकभाईंच्या कागदावर शांततेच्या प्रत्येक जागी लिहिलं, 'नवरदेव घोड्यावरून उतरला.' तेव्हापासून रफिकभाई गप्प!

*

प्रॅक्टिस रविवारी, आमच्या क्लासच्या हॉलमध्ये. भिंतीवर टॉपरांचा भला मोठा फ्लेक्स, फोटोंच्या ओळीच ओळी. एका रविवारी सर त्याच्याकडे बघत बसले आणि म्हणाले, आता हेच वाजवायचं. एकेक ओळ एकेका वाद्याला. चेहरा हसरा असेल तर सूर वरचा, गंभीर असेल तर खालचा. हसणारे फारच थोडे निघाले, त्यामुळे बरंचसं काम माझ्या चेलोवर येऊन पडलं.

क्लासचे मालक ऐकून एकदम खूश. त्यांची एकच सूचना होती. "आवाज तेवढा रँकप्रमाणे ठेवा."

आम्ही पोट धरून हसलो, पूजा हसली नाही. मेडिकलची एन्ट्रन्स दोनदा देऊनही तिचा फोटो त्या फ्लेक्सवर आला नव्हता. तिने सरांना विचारलं, "सर, ज्यांचा फोटोच न्हाई त्यांचं काय वाजवायचं?"

पुढच्या रविवारी सरांनी संगीताच्या शेवटी एक भाग जोडून आणला, एकट्या व्हायोलिनचा. मला त्या पोरीचं फार वाईट वाटलं, आणि मी त्याच क्लासात शिकवते याचा रागही आला.

*

मग पूजाने घरी सांगून टाकलं की तिसऱ्यांदा परीक्षा देणार नाही, व्हायोलिन शिकायला बाहेरगावी जाणार. घरात बोलणं बंद झालं. शेवटी वडील म्हणाले, "नांदेडला कार्यक्रम हाय ना तुमचा? येऊन ऐकतो. मग ठरवू काय ते."

त्या दिवसापासून तिला चैन पडेना. सारखी बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, पुसायची, उठून खिडकीशी जायची, परत यायची. तिचं बघून माझाही जीव थाऱ्यावर राहीना. रफिकभाईंनी धीर दिला की बँडमध्ये सूर चुकला की तोच आणखी जोरात वाजवतात. तिला त्याचंही हसू आलं नाही.

कार्यक्रमाला नांदेडचा हॉल जेमतेम अर्धा भरला. पडद्यावर तो फ्लेक्स. चौघांच्या ओळी वाजून संपल्या, राहिला तो एकट्या व्हायोलिनचा भाग. पूजा उभी राहिली, व्हायोलिन खांद्यावर घेतलं, बो उचलला आणि तेवढ्यात मागचं दार उघडलं. सूर्यवंशी ड्यूटीवरून थेट आले होते, खाकी कपड्यांत, खांद्याला कातडी बॅग. ते बसले नाहीत, दाराशीच उभे राहिले.

पूजाने त्यांना पाहिलं आणि बो हवेतच राहिला. लोक आधी वाट बघत होते, मग चुळबुळायला लागले. कुणीतरी मोबाइल काढला. सरांचे हात तबल्यावर, पण तबल्याला तिथे कामच नव्हतं. रफिकभाई तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटत होते. मी ठरवलं, आता आपणच काहीतरी वाजवून वेळ मारून न्यायची.

तेवढ्यात मागून आवाज आला. सूर्यवंशींनी बोटातली अंगठी दाराच्या लोखंडी कडीवर आपटली होती. दोनदा.

टण टण.

पूजाने बो तारांवर टेकवला आणि निघाली.