कावळ्यापुढं ठेवलेला कोष

माझी शाळा चौथीत सुटली आणि म्हातारपणी पुन्हा सुरू झाली ती कढीपत्त्यामुळं. मंगळवार पेठेत आमच्या परसात त्याचं झाड आहे, कधी औषध न मारलेलं. नातीच्या वर्गात बाईंनी फुलपाखरं वाढवायला घेतली. बाजारातला पाला खाऊन अळ्या मरायला लागल्या, तेव्हा नातीनं माझं नाव सांगितलं. बाई म्हणाल्या, "आजोबा, एखादी फांदी द्याल?" मी म्हटलं, फांदी न्हाय, रोज ताजा पाला मी स्वतः आणून देतो. आपलं झाड दुसऱ्याच्या हातात देणारा माणूस मी नव्हे.

अळ्या पोसल्या, काटक्यांना चिकटून त्यांचे कोष झाले, कोषांतनं फुलपाखरं निघाली. पोरांनी ती मैदानात सोडली. एक कोष तेवढा राहिला. थंडी पडली तरी तो वाळक्या पानासारखा गप्प. मला घोर लागला. पाला खायला अळी उरली नव्हती, तरी मी कायतरी निमित्त काढून बघून यायचो.

एकदा मधल्या सुट्टीत गेलो तर खोक्यात काटकीच नाही. पोरं मागच्या भिंतीपाशी हात जोडून उभी. भिंतीवर वहीचा कागद, त्यावर डब्यातला भात, आणि भातात खोचलेली ती काटकी, कोषासकट.

"काय चाललंय रं?"

"आबा, हळू बोला," नात म्हणाली. "त्यो मेलाय. रक्षाविसर्जन हाय. कावळा शिवला की मोकळा हुईल."

एका पोराच्या घरी नुकतंच तसलं कार्य झालेलं, त्यामुळं तो पुढारी. तो कोषाला म्हणाला, "पुढल्या वर्षीच्या तुझ्या भावंडांना पाला कमी पडू देणार न्हाय आम्ही. काळजी करू नगंस."

कावळा उतरला.

"बघ! त्येवढीच इच्छा हुती त्याची," एक पोरगी म्हणाली.

घाटावर कावळा शिवेना म्हणून माणसं रडकुंडीला आलेली मी बघितलीत. इथं तो दोन उड्यांत भाताजवळ आला. मी पायातलं पायताण काढलं आणि भिरकावलं. कावळा उडाला, भात सांडला, काटकी धुळीत पडली.

"आबा! शिवत हुता की त्यो!" पुढारी भडकला.

"जित्या जिवाचं रक्षाविसर्जन करतासा व्हय रं?"

"जिता हाय कशावरनं?" नातीनं विचारलं.

"मी म्हणतोय म्हणून."

बोलून बसलो. मला तरी कुठं ठाऊक होतं? बाई म्हणाल्या, काही कोष थंडीत उशिरा उघडतात, काही उघडतच नाहीत. म्हणजे त्यांचंही नक्की नाही. मी काटकी उचलून खोक्यात ठेवली आणि खोकं घरी आणलं.

पुढं माझं खाण्यापिण्यात लक्ष लागेना. पाणी शिंपडावं तर कुजंल, न शिंपडावं तर वाळंल. बायको म्हणायची, "बीपीची गोळी इसरतासा, पण काटकी बरी ध्यानात ऱ्हाती." नात शाळेतनं आली की दप्तर टाकायच्या आधी विचारायची, "उठला का तुमचा?" तिच्या त्या 'तुमचा'नं जास्त लागायचं.

एका सकाळी कोष काळा पडलेला दिसला. नातीनं बघितला, माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाली, "आबा, भात ठेवू का?"

"गप शाळंला जा."

ती गेली नाही. कोषाला चीर पडली आणि आतनं ओलं, चुरगळलेलं कायतरी बाहेर आलं. तिनं बोट पुढं केलं, मी मनगट धरलं. एका बाजूचे पंख फुगले, दुसऱ्या बाजूचे तसेच दुमडलेले. पांगळंच निघालं म्हणायचं. आम्ही दोघं तिथंच बसून राहिलो. शाळेची वेळ टळून गेली, तेव्हा कुठं तेही पंख सरळ झाले.

पंख वाळू दिले आणि खोकं छातीशी धरून नातीला घेऊन शाळेला निघालो. रिक्षा जवळनं गेली तरी माझा जीव वरखाली. मैदानात पोरं गोळा झाली तसं झाकण काढलं. ते काठावर बसलं, एकदा पंख मिटून उघडले आणि छपरावरनं पार गेलं.

पुढारी कमरेवर हात ठेवून म्हणाला, "ह्यो त्योच कशावरनं? आबांनी दुसरा धरून आणला असंल."

मी तोंड उघडायच्या आत नात त्याच्या अंगावर गेली. "मी बघितलंय! आमचा हाय त्यो!"

मी पायरीवर बसलो. रिकामं खोकं मांडीवर घेतलं.