चिमट्याने उचललेल्या गोळ्या

सात मे. ओवे गावात बंगल्यातल्या वहिनींच्या मुलाची हळद. मांडवामागे आम्ही सहा जणी तांदळाच्या भाकऱ्या थापत होतो.

घाम पुसायला बटव्यातून रुमाल काढला आणि गोळ्यांची पट्टी परातीजवळ पडली. वहिनींची शिकलेली लेक वाकली. हात लावला नाही. नाव वाचलं.

"मम्मी, या डिप्रेशनच्या आहेत."

वहिनींनी पट्टी चिमट्याने उचलली. चुलीत टाकली.

"ऊठ गो तू. येडीचे हातची भाकरी पावन्यांना नको."

माझी टोपली उचलून गुरांपुढे ओतली. बाकीच्या पाच जणी थापत राहिल्या. कोणी वर बघितलं नाही.

मला काही वाटलं नाही. हे न वाटणं मला जुनं ओळखीचं. दोन वर्षांपूर्वी आई गेली, तेव्हा रडू आलं नाही. पुढे भात करपायचा, वास यायचा, मी उठायचे नाही. आंघोळ नको, बोलणं नको. घरच्यांनी भगत आणला. त्याने कडुलिंबाच्या फांदीने झोडपलं. अख्खी आळी बघायला जमली होती. वळ उठले. बाकी काही नाही.

शेवटी आरोग्य केंद्रातली आशाताई पनवेलला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, हा आजार आहे, याला औषध आहे. दीड महिन्याने एका सकाळी चहा गोड लागला. मी कपाकडे बघत बसले.

तरी गोळ्या लपवूनच खाल्ल्या. आणायलाही खांदा कॉलनीपर्यंत जायचे, ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून. ती चूक माझी.

मांडवामागे मी हात धुतले. वहिनींसमोर उभी राहिले.

"वयनी, भगतानं मारला तवा माजं केस तुमी धरलेलं. त्याच आठवड्यान मला उठवून नेऊन तुमचे घरी बारशाच्या भाकऱ्या थापून घेतल्या. तवा चालली येडी?"

"तोंड वर करून बोलतंस?"

"हो."

घरी नवरा म्हणाला, "जलल्या ना? बरा झाला. आता परत आनू नको. लोकांची तोंडा बंद व्हतील."

"नाय," मी म्हटलं. मनाने गोळ्या बंद करायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. तो तेव्हा बाहेर रिक्षात बसून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी गावातलं मेडिकल उघडलं तेव्हा मी दारात होते. मागे चार माणसं, त्यात वहिनींचा दीर. चिठ्ठी काउंटरवर उलगडून ठेवली. दुकानदाराने वाचली आणि आवाज खाली आणला.

"काकी, कागदात गुंडाळून देऊ?"

"नको. नाव मोठ्याने वाच. महिन्याच्या दे."

त्याने वाचलं. मी तिथेच पाणी मागितलं आणि सगळ्यांसमोर एक गोळी गिळली.