बैलांच्या फोल्डरला लावलेलं 'कै.'

मी एकदा कॉम्प्युटरमधल्या फोल्डरला 'कै.' लावलं. माणूस गेला की नावाआधी लावतात तेच. आमचे हे गेले त्याच्या पंधराव्या दिवशी. हसा, हसण्यासारखंच आहे. आज सत्तरी ओलांडल्यावर मीही हसते, पण तेव्हा त्या त्रेसष्ट वर्षांच्या पोरीला आपण मोठं शहाणपणाचं काम केलं असं वाटलं होतं. संगणक वर्गाचं सर्टिफिकेट होतं ना तिच्याजवळ! देवघराशेजारी फ्रेम करून लटकवलेलं.

झालं असं, की तेरवीच्या कार्डावर यांच्या नावाआधी 'कै.' छापून आलं. मग लाईट बिल, गॅसचं पुस्तक, जिथे तिथे नाव बदलायची धांदल. अशात कॉम्प्युटर उघडला, तर यांच्या नावाचं फोल्डर जसंच्या तसं, जणू मालक आत्ता जेवायला घरी येणार आहेत. मला ते बरं दिसेना. नवऱ्याचं नाव मी जन्मात एकदाच घेतलं, तेही लग्नात सासूबाईंनी दार अडवलं म्हणून. ते टाईप करणं तर दूरच. कर्सर नुसता नावाच्या आधी नेऊन ठेवला, 'कै.' मारलं आणि पदर सावरून उठले.

हे जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. बैलाच्या खुराला, खांद्याला मलमपट्टी करणारे. आर्णीकडच्या गावांत, तांड्यांवर टू-व्हीलरवर जायचे आणि जखम भरली की त्या बैलाचा फोटो काढायचे. रिटायर झाल्यावर सगळे फोटो कॉम्प्युटरमधल्या त्याच फोल्डरमध्ये घातले आणि एक यादी केली. फोटोंना नुसते नंबर. यादीत मात्र प्रत्येकाची एक निळी ओळ, खाली रेघ मारलेली. ओळीवर दाबलं की तो फोटो उघडणार. ओळीही यांच्यासारख्याच. 'लोहाऱ्याचा पांढरा. इंजेक्शन याला दिलं, ओरडला मालक.' 'तांड्यावरची जोडी. डावा फोटोसाठी उभा राहिला, उजव्याला राग आला.'

यावरून मी भांडायची. चाळीस वर्षांच्या संसारात माझे फोटो बोटांवर मोजण्याइतके, आणि बैलांचा अख्खा पोळा भरलेला. "मले शिंगं नाहीत म्हून काढत नाही का माहा फोटो?" म्हटलं की हे म्हणायचे, "तुले शिंगं नाहीत, असं कोनं सांगतलं?"

एका सकाळी यांनी आतून हाक मारली, "इकडे ये वं, एक दाखवाचा हाये."

मी तुरीची डाळ निवडत बसले होते. उठायचा कंटाळा. म्हटलं, "उद्या पाह्यते. बैल उद्याही बैलच राह्यते."

दुसऱ्या दिवशी पहाटे यांच्या छातीत दुखलं. यवतमाळच्या दवाखान्यातून घरी आणलं ते झाकूनच.

'कै.' लावल्यावर महिनाभराने मी यादी उघडली. अगदी तळाशी एक नवी ओळ होती : 'हा हिला दाखवायचा राहिला.'

दाबली. फाइल सापडत नाही. वरची दाबली. सापडत नाही. लोहाऱ्याचा पांढरा नाही, तांड्यावरची जोडी नाही. हळू दाबलं, जोरात दाबलं, माऊस पदराला पुसून दाबलं. सर्टिफिकेटवाली बाई शेवटी पडद्यासमोर हात जोडून बसली. मला वाटलं, हे रागावले. मी उठले नव्हते ना.

फोटो होते. फोल्डर उघडलं की नंबर लावून रांगेने उभे. पण कोणती ओळ कोणाची, हे सांगणारा गेलेला. दोन वर्षं मी त्यातला एकेक बैल पाहिला. तूच का रे तो? डोळे पाहिले, खूर पाहिले, मागे उभा असलेला माणूस पाहिला. कोपऱ्यात कुठे माझ्या साडीचा पदर दिसतो का, हेही पाहिलं. खोटं कशाला बोलू. पुण्याला मुलाला फोन करायची हिंमत झाली नाही. "आई, तू हात लावलास ना?" हे ऐकायचं नव्हतं. मग आणखी काही बिघडेल या भीतीने यादी उघडणंच सोडलं.

पुढे कॉम्प्युटरच सुरू होईना, तेव्हा बसस्टँडजवळच्या दुरुस्तीवाल्या भाऊंना बोलावलं. आधी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आता हे. त्यात दाढी पांढरी झाली. त्यांच्या अब्बांच्या बैलालाही यांनीच पट्टी बांधलेली. काम झाल्यावर मी चहा दिला आणि धीर करून यादी दाखवली. त्यांनी ओळीवर बाण नुसता नेऊन ठेवला, दाबलं नाही. बाजूला बारीक अक्षरांत एक पत्ता उमटला. तो वाचून त्यांनी फोल्डरकडे पाहिलं.

"काकू, हे 'कै.' कोनं लावलं?"

"मीच."

"काहून?"

"गेले नं ते."

भाऊ हसले नाहीत. म्हणाले, "यादीले ते मालूमच नाही न काकू. ते जुन्या नावानंच शोधून राह्यली. 'कै.' ठेवाचं असन तं साऱ्या ओळींचे पत्ते बदलावं लागतीन. नाही तं 'कै.' काढून टाकतो. तुम्ही सांगा."

"काढा," मी म्हटलं. माझा आवाज जरा मोठाच निघाला.

एक अक्षर आणि एक टिंब पुसलं. लोहाऱ्याचा पांढरा उघडला. तांड्यावरची जोडी उघडली. उजवा खरंच रागात होता. मी टाळी वाजवली. मग म्हटलं, आता खालची.

फाइल सापडत नाही.

भाऊंनी पुन्हा बाण ठेवून पत्ता वाचला, दोनदा वाचला. तो फोटो या फोल्डरमध्ये कधी आलाच नव्हता. यांनी कॅमेऱ्याचं कार्ड लावून थेट कार्डावरच्या फोटोला ओळ जोडली होती. उतरवून घ्यायचं उद्यावर ठेवलं असेल.

"कॅमेरा कुठं हाये काकू?"

कॅमेरा मी तेरवी झाल्यावर पुसदच्या पुतण्याला देऊन टाकला होता, पिशवीसकट. तिथल्या तिथे त्याला फोन लावला.

"कार्ड तं तवाच कोरं केलं, मोठी आई," तो म्हणाला. "आता त्यावर पोराचे वाढदिवस हायेत. आधीचं काही पाह्यलं नाही मी. म्हटलं, बैलच असतीन."

शब्द माझेच होते.

भाऊंनी चहा संपवला, स्क्रू ड्रायव्हर पिशवीत टाकला. मी म्हटलं, "या ओळीले आता मी हातच नाही लावत, भाऊ. आनखी काही बिघडवून ठेवीन."

ते दारात चपला घालत होते. मागे वळून म्हणाले, "काकू, हे एक काही उघडत नाही आता. पन तुम्हाले वाटलं तं रोज दाबत जा, त्यानं काही बिघडत नाही."